तीन हजार ताऱ्यांचं वेळापत्रक

डेपोतल्या लोकांनी तिचं नाव मिनिटबाई ठेवलं होतं. ते आवडतं असं ती कधी म्हणाली नाही, पण त्या हाकेला वळायची. एखादा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच," की ती चष्मा नाकावर खाली ओढून विचारायची, "पाच, की दहा? पाच मिनिटांत माणूस चहा पितो. दहा मिनिटांत पुढची बस चुकते." तेहतीस वर्षं तिने शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं केली. कोणती गाडी कधी सुटेल, कुठे वळेल, चालक कुठे बदलेल आणि रिकामी गाडी घरी कधी येईल, हे सगळं ती आलेखाच्या कागदावर पेन्सिलीच्या तिरक्या रेघांनी मांडायची. शेवटच्या गोष्टीवर तिचा फार जोर. "जायचं काय, कुणीही जातं," ती म्हणायची. "परत कधी येणार ते सांगा."

अशी ही बाई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आकाशगंगा जिंकायला बसली.

त्याला कारणीभूत तिचा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन तो आणि आणखी पाच जण मिळून संगणकावरचा एक खेळ बनवत होते. ताऱ्यांवर जहाजं पाठवायची, वस्त्या वसवायच्या, शेजाऱ्याचं राज्य घशात घालायचं, असा तो खेळ. भाच्याला खेळून बघायला असं माणूस हवं होतं, ज्याला खेळांतलं ओ की ठो कळत नाही. मावशीला समजलं तर जगाला समजेल, असा त्याचा हिशेब. मावशी निवृत्त होऊन चार महिने झाले होते, आणि घरातल्या भांड्यांचीही वेळापत्रकं लावून झाली होती. ती लगेच हो म्हणाली.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे डोळे उघडले. या सोज्वळ दिसणाऱ्या बाईला दयामाया नव्हती. तेव्हा खेळात तीसच तारे होते. शुक्रवारपर्यंत तिने त्यातले सव्वीस ताब्यात घेतले, दोन राज्यं मुळासकट उपटली, आणि मग पर्समधून सफरचंद काढून, कापून, सगळ्यांना एकेक फोड वाटली. खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारा एक दाढीवाला होता. दिवसात चार वाक्यं बोलला तरी भरपूर, असा गडी. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही शरण आलेल्यांनाही सोडलं नाही."

"शरण आला होता, पण त्याच्याकडे अकरा जहाजं शिल्लक होती," मावशी म्हणाली. "फोड घे."

तेव्हापासून ती सगळ्यांची मावशी झाली आणि खिडकीजवळची खुर्ची तिची. सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर तिची पावलं वाजायची. खालचा टायरवाला तिच्या येण्यावर दुकानातलं घड्याळ लावायचा.

मग भाच्याच्या डोक्यात वारं शिरलं. बाजारात दुसऱ्या कुणाचा तरी खेळ आला, त्यात हजार तारे होते. भाच्याने तो पाहिला आणि त्याची झोप उडाली. "आपला लहान पडतोय," तो म्हणाला. तिसाचे तीनशे झाले. तीनशेचे तीन हजार झाले. दाढीवाल्याने एक यंत्रणा लिहिली, ती स्वतःच तारे घडवायची आणि स्वतःच नावं ठेवायची. चित्रं काढणारी मुलगी तोवर सहा प्रकारचे ग्रह रंगवून बसली होती. तेच सहा ग्रह आता रंग बदलून पाचशे पाचशे वेळा दिसू लागले. भाचा मात्र खूश होता. नकाशा लांब नेला की सगळं आकाश पिठासारखं पसरलेलं दिसायचं, आणि तो ते येईल त्याला दाखवायचा. दाखवताना त्याचा चेहरा लहानपणी पतंग उडवताना व्हायचा तसा व्हायचा. मावशीला तो चेहरा आवडायचा. म्हणून तर पुढचं सगळं जड गेलं.

मावशीचा मोठेपणाला विरोध नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर लोकांनी तसं पसरवलं. उलट तिला मोठा नकाशा पाहून हात शिवशिवत होते. डेपोचे साठ मार्ग तिने सांभाळले होते, तीन हजार तारे म्हणजे पर्वणीच. तिने रीतसर एकेक तारा घ्यायला सुरुवात केली. आणि दुसऱ्याच दिवशी तिने खुर्ची फिरवून विचारलं, "ही जहाजं परत कधी येतात?"

खोलीत कुणालाच प्रश्न कळला नाही.

"येत नाहीत," दाढीवाला म्हणाला. "पोचली की तिथलीच होतात."

"इंधन?"

"पोचल्यावर टाकी आपोआप भरते."

"कुठून?"

दाढीवाला दाढी खाजवू लागला. तीस ताऱ्यांच्या खेळात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जवळच्या जवळ सगळं, कोण कुठून आलं कोण बघतो? पण आता मावशीने एक ताफा राजधानीपासून आकाशाच्या टोकापर्यंत पाठवला होता. खेळात एक चाल म्हणजे एक तास, असं त्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलं होतं. ताफा एकशे चाळीस चाली न थांबता उडाला, पोचला, आणि पोचल्या पोचल्या लढला. जिंकलासुद्धा.

"एकशे चाळीस तास," मावशी म्हणाली. "यातला ड्रायव्हर झोपला कधी?"

सगळे हसले. मावशी हसली नाही. तिने घरून आलेखाचे कागद आणले, सहा कागद खळीने जोडले, आणि बाथरूमच्या दाराशेजारी भिंतीवर चिकटवले. आडवा वेळ, उभे तारे, आणि प्रत्येक जहाजाची एक तिरकी रेघ. डेपोत हे काम तिचा हात आपोआप करायचा. तिथे रेघा वर जायच्या, खाली यायच्या, पुन्हा वर जायच्या. इथे सगळ्या रेघा नुसत्या वर गेल्या होत्या. खाली एकही आली नव्हती. भाच्याला तिथे उभं करून ती म्हणाली, "हे बघ. पुढचं पाठ, मागचं सपाट. तू तीन हजार तारे केलेस, पण खेळ तेवढाच राहिला, तिसाचा. नुसतं पुढे जायचं आणि विसरायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या."

"मावशी, लोकांना जिंकायचं असतं. वेळापत्रक नको असतं त्यांना."

"जिंकलेलं सांभाळता नको यायला?"

भाचा फोनवर बोलायला जिन्यात गेला. दाढीवाला मात्र त्या कागदापुढे बराच वेळ उभा राहिला. आठवड्याभरात त्याने कुणालाही न सांगता एक नियम लिहिला. जहाजावरच्या माणसांना ठरावीक चालींनंतर विश्रांती लागेल. इंधन मागून आणावं लागेल आणि ते आणणाऱ्या जहाजाला रिकामं परत जावं लागेल. नियम चालू-बंद करायला त्याने मेनूच्या कोपऱ्यात एक बटण ठेवलं. मावशीने तो नियम चालू करून दोन दिवस खेळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उठलीच नाही. हे तिच्या आयुष्यात पूर्वी घडलं नव्हतं.

भाच्याने नियम पाहिला आणि म्हणाला, "छान आहे. काढून टाक."

आता त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. अडीच वर्षं त्याने या खेळात घातली होती. खेळ बाजारात नेणाऱ्या कंपनीने शुक्रवार दुपारची मुदत दिली होती. खेळासोबत एक फॉर्म जायचा होता, 'खेळ पूर्ण तपासला, चालतो' असा, आणि कंपनीची अट अशी, की त्यावर सही करणारा माणूस खेळ बनवणाऱ्यांपैकी नको. सहाही जणांनी खेळ बनवला होता. तपासणारी एकटी मावशी. म्हणजे सगळं अडीच वर्षांचं गाडं येऊन थांबलं ते तिच्या पेनापाशी.

बुधवारी दुपारी त्याने फॉर्म तिच्यापुढे ठेवला. "इथे आणि इथे."

मावशीने फॉर्म दोनदा वाचला. "नियम आहे का आत?"

"नाही. पुढच्या आवृत्तीत बघू."

"मग सही पुढच्या आवृत्तीत."

"मावशी, हत्ती गेलाय, शेपूट तेवढं राहिलंय. तू शेपूट धरून बसू नकोस गं!"

"हत्ती गेला असेल तर शेपटाने काय अडतंय?"

खोलीत कुणी वर बघेना. भाच्याचे कान लाल झाले. मग तो एकदम म्हणाला, "बरं. तुझा नियम इतका चांगला आहे ना? तुझ्या संगणकावर तो अजून आहे. उद्या सकाळी तू आणि मी. नियम चालू ठेवून. मी तुझी राजधानी घेतली, की तू सही करायचीस. मुकाट्याने. नाही घेता आली, तर मी कंपनीला फोन करून मुदत वाढवून मागतो."

मावशीने घड्याळात पाहिलं, जणू उद्या सकाळ किती वाजता आहे ते तिथे लिहिलंय. "दिला शब्द," ती म्हणाली. "घोडामैदान जवळच आहे."

आणि तिचा शब्द म्हणजे काय ते भाच्याला लहानपणापासून माहीत होतं. चारला फिरायला नेते म्हणाली, की चारला तिच्या पायात चप्पल असायची.

गुरुवारी साडेनऊला दोघे समोरासमोर बसले. भाचा सुटला तो सुटलाच. चाळीस चालींत त्याच्याकडे दोनशे बारा तारे होते. मावशीकडे अकरा. "मावशी, आकाश संपायला आलं, तू अजून अंगणातच?" तो म्हणाला. मावशी पेन्सिलीला टोक करत होती. तिने अंथरूण पाहून पाय पसरले होते. चौदा जहाजं, त्यांच्या पाळ्या लावलेल्या. चार लढायला तयार, चार वाटेत, चार विश्रांतीत, दोन इंधन पोचवून रिकामी परत येणारी. कागदावर रेघा वर जात होत्या आणि खाली येत होत्या.

साठाव्या चालीला भाच्याची पहिली जहाजं बसली. म्हणजे बुडाली नाहीत, कुणी मारली नाहीत, नुसती उभी राहिली. माणसं थकली, टाक्या रिकाम्या. इंधन घेऊन निघालेली जहाजं दुसऱ्या टोकाला अडकलेली. त्याने आणखी इंधन पाठवलं, तर ते न्यायला लागणारं इंधन कमी पडलं. मावशीची चार जहाजं निघाली आणि तिने एकेक करत त्याच्या दक्षिणेकडच्या वस्त्या उचलायला सुरुवात केली. लढाई अशी झालीच नाही फारशी. नऊशे लढाऊ जहाजं असलेला राजा नुसता बघत राहिला.

चित्रं काढणारी मुलगी उठून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. मग आवाजाचं काम करणारा आला. मग सगळेच आले. चहा आणलेला तसाच गार झाला. "उत्तरेकडची परत बोलवा," कुणीतरी भाच्याला हळूच म्हणालं. "थांब रे," भाचा म्हणाला, आणि त्याने शेजारचा कागद ओढून त्यावर रेघा मारायला सुरुवात केली. उभ्या, आडव्या, तिरक्या. ऐंशी तारे त्याने आपणहून सोडले, उरलेल्यांच्या पाळ्या लावल्या, आणि एक इंधनाची वाट अशी काही बांधली की मावशीची दोन जहाजं तीत सापडली.

"शाब्बास," मावशी मनापासून म्हणाली. "आता खेळतोयस."

भाचा हसला. खरं हसला. दीड वाजेपर्यंत दोघांनी मान वर केली नाही. आणि मग टेबलावर त्याचा फोन थरथरला. खेळ बाजारात नेणाऱ्या कंपनीचा. त्याने तो उचलला नाही, पण नाव पाहिलं, आणि त्याला आपण कशासाठी बसलोय ते आठवलं. मावशीची राजधानी अजून सव्वीस ताऱ्यांच्या पलीकडे होती, आणि त्याला ती आज मिळणार नाही हे कागदावर स्वच्छ दिसत होतं.

"बस्स झालं," तो म्हणाला. "नियम बंद कर."

दाढीवाला मावशीकडे बघू लागला. ठरलं होतं ते नियम चालू ठेवून. तिने नुसतं तेवढं म्हटलं असतं, तर तिथे कुणीही तिची बाजू घेतली असती.

"कर बंद," ती म्हणाली. "फिटू दे त्याची हौस."

बटण दाबलं गेलं. नऊशे जहाजं एका क्षणात जागी झाली. टाक्या भरल्या, माणसं ताजीतवानी. न थांबता, न थकता ती सगळी मावशीच्या राजधानीवर येऊन आदळली. विजयाची तुतारी वाजली, पडद्यावर सोनेरी अक्षरं आली. आवाजाचं काम करणाऱ्यानेच ती तुतारी तीन आठवडे खपून केली होती, पण त्यालाही टाळी वाजवावीशी वाटली नाही. एकेक जण आपापल्या खुर्चीकडे गेला. कुणीतरी केटली पुन्हा तापत ठेवली. दोन-तीन तास सगळे पायांवर उभे होते आणि दोन मिनिटांत त्यांना कंटाळा आला होता. हे भाच्यानेही पाहिलं. पण माणूस हट्टाला पेटला की पाहिलेलं त्याला दिसत नाही.

त्याने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं. "राजधानी घेतली. तू शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग?"

"मोडते," मावशी म्हणाली. "मी हरले. पण सही करणार नाही."

नियम तूच बंद केलास, असं ती म्हणाली नाही. तसल्या पळवाटा तिला जमत नसत. ती म्हणाली, "बस खाली. तुम्हीपण ऐका सगळे, पुन्हा सांगायची नाही मी हे."

आणि तिने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी डेपोत एक नवीन साहेब आला होता. त्याला शहरभर बस हवी होती. साठ मार्गांचे एकशे दहा करायचे ठरले. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच. ती म्हणाली, बसत नाही. साहेब म्हणाला, बसवा. ती तीन दिवस कागद घेऊन बसली आणि बसवलं. कसं बसवलं? चालकांची विश्रांती आठ तासांची होती, ती काही पाळ्यांना पाच केली. नियमात कुठेतरी तशी फट होती. साहेबाने कागद पाहिला, म्हणाला, "बघा, बसलं की नाही?" आणि तिने सही केली.

"एक ड्रायव्हर होता माझा," मावशी म्हणाली. "रोज येता-जाता खिडकीत डोकावायचा. म्हणायचा, 'मिनिटबाई, माझी चार मिनिटं तुमच्याकडे राहिलीत, कधी देताय?' नव्या वेळापत्रकाचा तिसरा आठवडा. सकाळी सातला वीस मिनिटं कमी होती. रिकामी गाडी घेऊन परत येत होता. गिरणीच्या भिंतीवर गेला. ब्रेकची खूण नव्हती रस्त्यावर. झोपला होता तो."

केटली शिटी मारू लागली. दाढीवाल्याने जाऊन ती बंद केली.

"चौकशी झाली. वेळापत्रक नियमाप्रमाणे आहे, असं निघालं. कागद बरोबर होता ना! मला कुणी एक शब्द बोललं नाही. साहेबाची बदली झाली, मार्ग पुन्हा कमी झाले. मी बावीस वर्षं स्वतःला सांगतेय, की माझ्या हातात काय होतं? खोटं आहे ते. पेन माझ्याच हातात होतं."

भाचा हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हा खेळ आहे. यात कुणी मरत नाही."

"नाही मरत. म्हणून तर इथे बरोबर करता येतं! आणि खेळातसुद्धा नाही करायचं, तर करायचं कुठे? तीन हजार काय, तीस हजार तारे कर, मी एकेक तारा तपासून देते. पण थकत नाहीत अशी माणसं कागदावर दाखवून, त्याखाली माझी सही? पुन्हा? नाही."

यावर भाच्याने काय बोलायला हवं होतं हे आपल्याला सांगता येतं, आपल्या डोक्यावर उद्याची मुदत नाही. तो म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नकोस. मी बघतो कोणाची सही घ्यायची ती."

मावशीने पेन्सिल, खोडरबर आणि सफरचंदाची सुरी पर्समध्ये टाकली आणि ती जिना उतरून गेली. तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. इतक्या लवकर ती तेहतीस वर्षांत कामावरून कधी उठली नव्हती.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, अगं पोराचं ऐक की जरा. एक सही तर करायचीय. तो जेवला नाहीये."

"त्याला जेवायला वाढ," मावशी म्हणाली. "सहीचं त्याचं-माझं आम्ही बघू."

"तू बघणार कशी? तुला काढलंय ना त्याने?"

"त्याने काढलंय. मी कुठे गेलेय?"

शुक्रवारी सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. टायरवाल्याने घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. वर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी सरळ खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिने संगणक सुरू केला, तर तिचा पासवर्ड बंद केलेला. तिने तक्रार केली नाही. पर्समधून नवा आलेखाचा कागद काढला, टेबलावर पसरला, आणि कालच्या डावातल्या भाच्याच्या दक्षिणेकडच्या ताऱ्यांच्या पाळ्या नव्याने लावू लागली. त्याने कुठे चूक केली होती ते तिला समजलं होतं, आणि चूक तशी छोटी होती.

भाचा आतल्या खोलीतून बाहेर आला. तिला पाहून थबकला. तो रात्रभर झोपला नव्हता हे कुणालाही दिसलं असतं. तिच्याकडे न बघता फॉर्म घेऊन तो खाली टायरवाल्याकडे गेला. जरा वेळाने परत आला. फॉर्म तसाच.

"काय म्हणाला?" दाढीवाल्याने विचारलं.

"म्हणाला, वर बसून जी बाई रोज तपासते ती सही करत नाही, तर मी कोण?" भाच्याने फॉर्म टेबलावर टाकला. "वर म्हणाला, तुमच्या जहाजांचे टायर कधी बदलतात?"

चित्रं काढणाऱ्या मुलीला हसू आवरेना. मावशीने डोकं वर केलं नाही. भाचा तिथेच उभा राहिला. त्याची नजर तिच्या कागदावर गेली, मग हळूहळू त्या रेघांवरून फिरू लागली. शेवटी त्याने एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला.

"इथे मी इंधन दोन चाली उशिरा सोडलं," तो म्हणाला.

"तीन."

"तीन." मग म्हणाला, "विश्रांती किती चालींची धरलीय नियमात?"

"आठ," दाढीवाला पलीकडून म्हणाला.

"आठ फार होतात मावशी. खेळ मंद होईल. सहा करू."

"आठ."

"मधला मार्ग काढ की काहीतरी. सात."

मावशीने पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तू किती तास जागा आहेस?" तिने विचारलं.

त्याने तोंडावरून हात फिरवला, आणि दाढीवाल्याला म्हणाला, "नियम आत घाल. बटण काढून टाक, बंद करताच येऊ नये. आणि आठ ठेव."

दाढीवाल्याला अकरा मिनिटं लागली. मावशीचा पासवर्डही त्याने त्यातच चालू करून दिला. भाच्याने फॉर्म तिच्यापुढे ठेवला, पेन उघडून दिलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. कंपनीचं नाव पडद्यावर चमकत होतं.

"मावशी, सही," तो म्हणाला. "त्यांचाच फोन आहे. काय सांगू?"

"आधी पूर्ण खेळून बघते. चाललं तर सही," मावशी म्हणाली. "संध्याकाळ होईल. तू तोवर घरी जाऊन झोप."

"अगं, पण फोन वाजतोय!"

"वाजू दे," मावशी म्हणाली, आणि तिने पहिलं जहाज सोडलं.